कीपॅड फोनवर गजीचे व्हिडिओ चालवायचे आहेत, फाइली कशा बदलाव्यात?

माणगंगा, सातारा

नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. नोकरीमुळे मी साताऱ्यात असतो. थोरले चुलते, आमचे तात्या, दिवाळी झाली की वाड्याबरोबर (मेंढपाळांच्या तांड्याबरोबर) मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की घाट चढून माघारी येतात. मधले सगळे महिने रानात मुक्काम. गावच्या यात्रेला ते नसतात. ज्या माणसाचं आयुष्य गजीत, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या नाचात, ढोल वाजवण्यात गेलं, त्याला हे फार लागतं.

गावातल्या पोरांनी यात्रेतली गजी आणि रात्रीच्या ओव्या मोबाईलवर शूट करून ड्राइव्हवर ठेवल्यात. त्यांना विचारून मी सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आता त्या तात्यांच्या फोनवर चालायला हव्यात. फोन साधा कीपॅडचा, दोन-अडीच इंची पडदा, आत ८ जीबीचं मेमरी कार्ड. फाइली कार्डात टाकल्या की फोन फक्त 'फाइल चालत नाही' असा संदेश दाखवतो.

स्मार्टफोन घेऊन द्या, असं कृपया सुचवू नका. रानात चार्जिंग म्हणजे ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याच्या घरी, नाहीतर रस्त्यावरच्या टपरीत. कीपॅड फोनची बॅटरी काही दिवस पुरते, आणि त्यांना तोच हवा आहे.

याच फाइलींमध्ये मेंढ्यांच्या रोगांवरची काही व्याख्यानंही आहेत, आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसीची. तीही द्यायची आहेत. दिवाळीच्या आत कार्ड तयार हवं.

वारणाकाठ

फाइलीच्या नावातलं शेवटचं एमकेव्ही काढून तिथे थ्रीजीपी लिहून बघा. कधीकधी चालतं म्हणतात.

जुनी_रीळ, कराड

वारणाकाठ, नाव बदलून आतलं काही बदलत नाही. मी कराडात बरीच वर्षं लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग केलं. व्हीसीडीपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळं हातून गेलं, आणि याच एका गोष्टीवर लोक सगळ्यात जास्त अडतात. म्हणून सविस्तर लिहितो.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, थ्रीजीपी ही वरच्या पोत्याची नावं. सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यावर 'हळद' एवढंच छापलेलं असलं तर आत हळकुंड आहे की गट्टा, ते पोतं सोडल्याशिवाय कळत नाही. फाइलीचंही तसंच. आत चित्र वेगळ्या पद्धतीने दाबलेलं असतं, आवाज वेगळ्या. त्या पद्धतीला कोडेक म्हणायचं. एमपी४ या एकाच नावाखाली चित्र एच.२६४ असू शकतं, एच.२६५ असू शकतं, नाहीतर जुनं एमपेग-४. फोनला पोतंही ओळखीचं लागतं आणि आतले दोन्ही कोडेकही. तिन्हींपैकी एक जरी अनोळखी निघालं तरी फाइल चालत नाही, किंवा अर्धवट चालते: चित्र दिसतं पण आवाज नाही, नाहीतर आवाज येतो आणि पडदा काळा.

म्हणून माणगंगा, काहीही बदलायच्या आधी प्रत्येक फाइलीत काय आहे ते बघून घ्या. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर फाइल चालू करून टूल्समध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आणखी नीट दाखवतं. मला चार गोष्टी हव्यात: चित्राचा कोडेक, चित्राची रुंदी-उंची, सेकंदाला किती फ्रेम (एकामागोमाग दिसणारी स्थिर चित्रं) आणि आवाजाचा कोडेक. ते कळल्याशिवाय कन्व्हर्टर उघडूच नका. चांगल्या चालणाऱ्या फाइली विनाकारण बदलून खराब झालेल्या मी खूप पाहिल्यात. दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की प्रत्येक वेळी त्यातलं काहीतरी जातं आणि ते परत येत नाही.

मोबाईलवाला_विटा

जुनी रीळ दादांशी सहमत. आमचं दुकान विट्यात आहे, आणि मेमरी भरून द्यायला अजूनही गिऱ्हाईक येतं. त्यात मेंढकेही असतात आणि ऊसतोडीला जाणारी माणसंही.

कीपॅड फोनचं एक लक्षात घ्या. स्मार्टफोनवर फाइल चालली नाही तर दुसरा प्लेअर टाकता येतो. यात तसलं काही नाही. कंपनीने चिपमध्ये जे दिलंय तेवढंच. माझ्या हातातून जाणाऱ्या फोनांत साधारण तीन जाती दिसतात. काही फोन थ्रीजीपी किंवा एमपी४ घेतात, पण आत एच.२६३ किंवा साधा एमपेग-४ लागतो. काही स्वस्त फोन फक्त एव्हीआय घेतात आणि आत एमजेपेग लागतं. थोडे बरे फोन एच.२६४ पण घेतात, तेही लहान आकाराचं असेल तरच. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे मॉडेल सांगून उपयोग होईलच असं नाही. एकाच नावाच्या फोनात पुढच्या वर्षी चिप बदललेली असते.

एक सोपी युक्ती सांगतो. त्या फोनच्या कॅमेऱ्यानेच अर्धा मिनिट शूटिंग करा. ती फाइल कार्डातून लॅपटॉपवर घ्या आणि मीडियाइन्फोत बघा. फोन स्वतः ज्या फॉरमॅटमध्ये शूट करतो, तो त्याला चालवता येतोच. तिथून सुरुवात करायची.

माणगंगा, सातारा

दोघांचेही मनापासून आभार. मोबाईलवाले दादा, युक्ती फार कामाची निघाली. तात्यांचा फोन सध्या गावीच आहे. चुलतभावाने शूट करून कार्ड एसटीने येणाऱ्या माणसाकडे दिलं.

फोनची स्वतःची फाइल: थ्रीजीपी, चित्र एमपेग-४, १७६ × १४४, सेकंदाला १५ फ्रेम, आवाज एएमआर.

पोरांच्या फाइली तीन तऱ्हेच्या आहेत. बऱ्याचशा एमपी४, एच.२६४, १९२० × १०८०, ३० फ्रेम, आवाज एएसी. काही नव्या फोनच्या आहेत, त्यात एच.२६५ लिहून येतंय. आणि रात्रीच्या ओव्या कुणीतरी लाइव्ह केल्या होत्या, त्या उतरवलेल्या फाइली एमकेव्ही आहेत. आत चित्र व्हीपी९ आणि आवाज ओपस.

पेंग्विन_कराड

अभियांत्रिकीला आहे, लिनक्स वापरतो. एफएफएमपेग घ्या, एका ओळीच्या आज्ञेत सगळं फोल्डर बदलून होईल. जगातली बरीचशी कन्व्हर्टर सॉफ्टवेअर्स आतून तेच वापरतात. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलं, मुक्त आहे, जाहिराती नाहीत.

एच.२६३ च्या वाटेला गेलात तर ध्यानात ठेवा: मूळ एच.२६३ मध्ये चित्राचे आकार ठरलेले आहेत. १२८ × ९६, १७६ × १४४, ३५२ × २८८ आणि त्यापुढचे दोन मोठे. ३२० × २४० दिलंत तर एफएफएमपेग थेट नकार देतं. एमपेग-४ ला ते बंधन नाही. तुमचा फोन एमपेग-४ शूट करतोय म्हणजे ३२० × २४० चालण्याची बरीच शक्यता आहे.

जुनी_रीळ, कराड

शाब्बास पेंग्विन, मुद्द्याचं बोललास. पण माणगंगांना आज्ञा टंकायची सवय असेलच असं नाही, म्हणून मी हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरवरून सांगतो. तेही मुक्त आणि फुकट. एकच मर्यादा आहे, ते थ्रीजीपी बनवत नाही. एमपी४ बनवतं, आणि बहुतेक फोन तीच सामग्री एमपी४ च्या पोत्यातही घेतात. नाहीच घेतलं तर मग एफएफएमपेग आहेच.

डाउनलोड मात्र त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. शोधात 'फुकट व्हिडिओ कन्व्हर्टर' म्हणून जी बटणं वर येतात, ती दाबली की भलतंच काहीतरी लॅपटॉपवर येऊन बसतं. कुणी फुकटात चित्रावर आपलं नाव छापतं, कुणी दोन मिनिटांच्या पुढे पैसे मागतं.

आता आवाजाबद्दल, कारण गजीत खरी जान तिथे आहे. तुमच्या फोनच्या शूटिंगमध्ये आवाज एएमआर आहे. तो घेऊ नका. एएमआर फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. सेकंदाला ८ हजार नमुने, एकच वाहिनी, आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट माहिती). माणसाचं बोलणं त्यात समजतं. ढोलाचा घुमारा मात्र त्यात राहत नाही आणि झांजेचा तर नुसता खरखराट होतो. आयुष्यभर ढोल वाजवलेल्या माणसाला असलं काही ऐकवायचं नाही. तुमचा फोन एमपी४ मध्ये एएसी घेतो का ते बघा. मोनो, ६४ केबीपीएस. फोनला स्पीकर एकच असतो, स्टिरिओला दिलेली जागा वाया जाते.

चित्रासाठी: व्हिडिओ एन्कोडर 'एमपेग-४', सरासरी बिटरेट ३०० केबीपीएस, फ्रेम सेकंदाला १५, आणि 'कॉन्स्टंट' वर खूण. मूळ ३० फ्रेमचं आहे, त्यामुळे बरोबर एकाआड एक फ्रेम गाळली जाते आणि हालचाल एकसारखी राहते. मूळ २५ चं असतं तर मी १५ सांगितलं नसतं. कधी एक फ्रेम गळते तर कधी एकही नाही, आणि पावलं अडखळल्यासारखी दिसतात, आणि गजीत तर सगळं पावलांवरच असतं.

आकार: आडव्या चित्राला ३२० × १७६. खरं गणित ३२० × १८० येतं, पण हे कोडेक चित्राचे १६ × १६ चे चौकोन पाडतात आणि जुन्या चिपांना सोळाच्या पटीतला आकार सोपा जातो. चार ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळत नाही.

जागेचा हिशेब करू. ३०० अधिक ६४ म्हणजे ३६४ केबीपीएस. तासाचे सेकंद ३६००. गुणून आठाने भागलं की तासाला साधारण १६४ एमबी. तुमच्या ८ जीबीच्या कार्डात पंचेचाळीस तास आरामात बसतील. म्हणजे जागेची चिंता नाही. हवं तर बिटरेट ४०० करा. फोनला झेपतं का, तेवढंच बघायचं.

मोबाईलवाला_विटा

सगळ्या फाइली एकदम बदलू नका. हँडब्रेकमध्ये 'रेंज' आहे, तिथे सेकंद टाकून फक्त एका मिनिटाचा तुकडा काढता येतो. ढोल आणि नाच दोन्ही जोरात असलेलं एक मिनिट निवडा, कारण तिथेच फोन दमतो. त्याचे चार-पाच नमुने बनवा: ३२० × १७६ ला ३०० आणि ४०० केबीपीएस, १७६ × १४४ चा एक, एच.२६४ चा एक (बेसलाइन प्रोफाइल निवडा, बाकीच्या त्या चिपला जड), आणि पेंग्विनच्या मदतीने एव्हीआय-एमजेपेगचा एक. कार्डात टाका, फोनवर लावून बघा. जो सगळ्यात चांगला चालेल त्याचं सेटिंग प्रीसेट म्हणून जतन करा आणि मग सगळं फोल्डर लावा.

एमजेपेग शेवटचा पर्याय ठेवा. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फोटोसारखी साठवली जाते, आधीच्या फ्रेमशी तुलना करून जागा वाचवणं नाही. १५ फ्रेम आणि एक फ्रेम १० ते १५ केबीची धरली तर तासाला साडेपाचशे ते आठशे एमबी जातात.

सह्याद्री_नेट

एवढा खटाटोप कशाला? सगळं एच.२६५ मध्ये बदलून टाका. एच.२६४ च्या जवळजवळ निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र मिळतं. २०१३ पासून आहे, आता जुनंच झालं.

जुनी_रीळ, कराड

सह्याद्री, जागेचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण कोडेक जितका कमी जागा घेतो तितकी तो उलगडायला जास्त मेहनत लागते. नव्या स्मार्टफोनात त्यासाठी चिपमध्येच वेगळी सोय असते, म्हणून ते जाणवत नाही. ज्या यंत्रात ती सोय नाही तिथे मुख्य प्रोसेसरला सगळं ओढावं लागतं: चित्र अडकतं, यंत्र तापतं, बॅटरी उतरते. आणि कीपॅड फोनवर तर चालणारच नाही. फाइल ज्या यंत्रावर चालायची आहे त्याच्याकडे बघूनच कोडेक ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. जागा ही त्यानंतरची गोष्ट.

शिवसागर

वाचतोय, फार उपयोगी माहिती आहे. माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो.

मी जावळी तालुक्यात शिक्षक आहे, बामणोलीच्या पलीकडे, कोयनेच्या जलाशयाकाठी. शाळेत देणगीतून मिळालेले जुने सात इंची टॅबलेट आहेत. नेट जवळजवळ नाहीच. साताऱ्याला आलो की विज्ञान आणि गणिताचे मोफत पाठ उतरवून घेतो आणि कार्डावर टाकतो. दोन अडचणी येतात. काही पाठ अडकत अडकत चालतात, आवाज पुढे आणि चित्र मागे. आणि नवीन ६४ जीबीचं कार्ड टॅबलेट ओळखतच नाही, जुनं १६ चं ओळखतो.

जुनी_रीळ, कराड

सर, आधी कार्डाचं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२ पद्धतीने मांडलेली येतात, त्यावरची एक्सफॅट पद्धतीने. जुन्या टॅबलेटना एक्सफॅट वाचता येत नाही. ३२ जीबीचीच कार्डं घ्या, प्रश्न मिटला. फक्त फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. कार्डात जागा असूनही कॉपी होत नसेल तर कारण बहुधा हेच.

अडकणाऱ्या फाइली मीडियाइन्फोत बघा. माझा अंदाज, एच.२६५ असतील, किंवा जिथे '१० बिट' लिहिलंय अशा. हँडब्रेकमध्ये 'फास्ट ७२०पी३०' नावाचा तयार प्रीसेट आहे, तो एच.२६४ देतो. तुमच्या टॅबलेटना तो चालावा. आवाज मोनो ६४ केला तरी शिकवणं स्पष्ट ऐकू येतं.

एक मात्र सांगतो. जागा वाचवायला पाठांचं चित्र फार लहान करू नका. गजीत नाचणारा माणूस लहान पडद्यावरही ओळखू येतो, पण फळ्यावरचा अपूर्णांक ओळखू येत नाही. उंची ४८० च्या खाली गेली की आकडे आणि जोडाक्षरं फुटायला लागतात. त्यापेक्षा दर्जाचा आकडा बदला. हँडब्रेकमध्ये त्याला आरएफ म्हणतात, आकडा वाढला की फाइल लहान होते. पाठांमध्ये पडदा बराच वेळ स्थिर असतो, त्यामुळे २४ ठेवलंत तरी फाइल छोटी येते आणि अक्षर टिकतं.

शिवसागर

धन्यवाद. मुलांना फळ्यावरचं वाचता येणं हेच मुख्य आहे. रात्री बदलायला लावून ठेवलं आणि मध्येच वीज गेली तर काय होतं?

पेंग्विन_कराड

सर, ज्या फाइलीवर काम चालू होतं ती गेली असं समजा. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची अगदी शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली तर एक जीबीची फाइल तयार दिसते पण उघडत नाही. आधी पूर्ण झालेल्या फाइली शाबूत राहतात. म्हणून 'क्यू' मध्ये (कामांच्या रांगेत) लहान लहान पाठ वेगवेगळे लावा, सगळे जोडून एक मोठी फाइल करू नका.

तंबोरा, मिरज

मला वेगळीच अडचण आहे, पण जुनी रीळ दादांनी 'चित्र दिसतं पण आवाज नाही' असं लिहिलं म्हणून विचारते. मी गाणं शिकते. आमच्या गुरुजींच्या बैठका एका ताईंनी हँडीकॅमवर टिपल्यात, त्यांच्या परवानगीने. फाइली एमटीएस आहेत. रियाजाच्या वेळी टॅबलेटवर लावायच्या असतात. टॅबलेटवर चित्र येतं, आवाज अजिबात नाही. शिवाय गुरुजींचा हात हलला की कडांवर आडव्या रेघा दिसतात. आणि एकाच रागाच्या दोन फाइली झाल्यात, मध्ये आलाप तुटतो.

जुनी_रीळ, कराड

ताई, तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत.

आवाज: हँडीकॅमच्या त्या फॉरमॅटला एव्हीसीएचडी म्हणतात. त्यात आवाज बहुधा डॉल्बीचा एसी-३ असतो. तो बरीच वर्षं परवान्याचा कोडेक होता, त्यामुळे बऱ्याच टॅबलेटमध्ये आणि काही प्लेअरमध्ये नसतो. तो एएसी मध्ये बदलला की आवाज येईल. गाणं आहे, तेव्हा स्टिरिओच ठेवा आणि १९२ केबीपीएसच्या खाली जाऊ नका. तानपुऱ्याच्या तारांमधली जवारी हीच आधी मरते.

रेघा: शूटिंग इंटरलेस पद्धतीचं आहे. एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकाआड एक विणलेल्या असतात. जुन्या टीव्हीला ते चालायचं, टॅबलेटवर हालचालीत रेघा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. बैठकीला सेकंदाला २५ फ्रेम पुरेत.

तुटणारा आलाप: कॅमेरा मोठं शूटिंग ठराविक आकाराला तोडून पुढची फाइल सुरू करतो. तोडलेले तुकडे वेगवेगळे बदलून मग जोडलेत तर सांध्यावर आवाज क्षणभर जातो. म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने आधी मूळ तुकडे जोडून घ्या आणि मग ती एकसंध फाइल हँडब्रेकला द्या. क्रम महत्त्वाचा आहे.

आणि मूळ एमटीएस फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. टॅबलेटवरची फक्त वापरायची प्रत. उद्या टॅबलेट बदलला तर मूळ फाइलीवरून पुन्हा नवीन प्रत काढायची, बदललेल्या प्रतीवरून नाही. गुरुजींची बैठक परत टिपता येणार नाही.

पेंग्विन_कराड

रेघांची हरकत नसेल तर आणखी एक रस्ता आहे. हँडब्रेक चित्र नेहमी नव्याने दाबतं, त्याला पर्याय नाही. पण अ‍ॅव्हिडीमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राला 'कॉपी' आणि आवाजाला 'एएसी' असं निवडता येतं. चित्राला हातच लागत नाही, तासाची फाइल काही मिनिटांत होते, दर्जाही जात नाही. फक्त आवाज अनोळखी असेल तेव्हा हेच करावं.

तंबोरा, मिरज

पोतं, चित्र आणि आवाज वेगवेगळं बघायचं हे आता नीट उमगलं. टॅबलेटसाठी डीइंटरलेसच करते, कारण गुरुजींच्या हाताच्या हालचालीवरून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) समजते, ती स्वच्छ दिसायला हवी. तुकडे जोडून एक राग करून बघितला. आलाप सलग आला. दादा, खरंच उपकार झाले.

माणगंगा, सातारा

नमुने झाले. निकाल लिहितो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

एच.२६४ चा नमुना फोनने उघडला नाही. ३२० × १७६, एमपेग-४, ३०० केबीपीएस, एएसी मोनो हा एमपी४ मध्ये स्वच्छ चालला. ४०० ला ढोल जोरात आला की चित्र थांबत होतं. आवाजाचा फरक तर ऐकण्यासारखा आहे. एएमआरचा एक नमुना तुलनेसाठी बनवला होता, त्यात झांज ओळखूच येत नव्हती. एएसी मध्ये ढोल अगदी छोट्या स्पीकरवरही ढोलासारखा वाटतो. चुलतभाऊ म्हणाला, तात्यांनी ऐकून लगेच सांगितलं की दुसरा ढोल कुणाचा आहे ते.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बऱ्याच पोरांनी फोन उभा धरून शूट केलंय. ते काय करू? आणि तात्यांच्या फोनवर फाइलींची मराठी नावं नुसती चौकोन-चौकोन दिसतात.

जुनी_रीळ, कराड

उभ्या चित्रात फोन 'हे फिरवून दाखवा' अशी फक्त एक खूण लिहून ठेवतो. कीपॅड फोन ती खूण वाचत नाही आणि माणसं आडवी झोपलेली दिसतात. हँडब्रेक बदलतानाच चित्र खरंखुरं फिरवून देतं, तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. आकार मात्र १७६ × ३२० द्या. तुमच्या फोनचा पडदाही उभाच असेल, तर हे उलट जास्त मोठं दिसेल.

आणि पुढच्या यात्रेला पोरांना दोन गोष्टी सांगा: गजीचं रिंगण असतं, तेव्हा फोन आडवा धरा, आणि फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे त्या आधीच दाबल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या तर जशाच्या तशा येतात.

मोबाईलवाला_विटा

व्याख्यानांचं राहिलं. माणगंगा, लसीची माहिती देणाऱ्या व्याख्यानाचं चित्र कशाला? बोलणंच महत्त्वाचं आहे. त्याचं एमपी३ करा, मोनो ६४ केबीपीएस. तासाला २९ एमबी. मेंढरांमागे चालताना पडदा बंद ठेवून ऐकता येतं, आणि बॅटरी सगळ्यात जास्त पडदाच खातो. ओव्यांचंही एक एमपी३ वेगळं काढून ठेवा. बघायच्या वेळी व्हिडिओ, चालताना ऐकायला एमपी३.

दोन-तीन तासांची एक फाइल देऊ नका. हे फोन बंद केले की कुठे थांबलो होतो ते बहुतेक वेळा विसरतात, आणि पुढे ढकलायला बटण दाबून धरावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करा. ओवीचं कडवं संपतं तिथे तोडा, मध्येच नको.

नावांचं असं, आत त्या लिपीचा फॉन्ट नसला की चौकोन दिसतात. नुसते इंग्रजी आकडे द्या, ०१, ०२ असे दोन अंकी, म्हणजे क्रम बिघडत नाही. गजीचं एक फोल्डर, ओव्यांचं एक, लसीचं एक. कोणत्या आकड्याला काय आहे ते एका जाड कागदावर ठळक लिहून द्या आणि कागदाला प्लॅस्टिक लावा.

माणगंगा, सातारा

तसंच करतो. गजीचं फोल्डर आज रात्री क्यूला लावलंय. उद्या ओव्या तोडायला बसेन. कुठे तोडायचं ते मला नीट कळणार नाही, म्हणून शनिवारी लॅपटॉप घेऊन गावी जातोय. तात्यांनाच शेजारी बसवून विचारतो.

शिवसागर

माणगंगा, तुमचं प्रीसेट जमलं तर इथे आकड्यांसकट टाका. आमच्या शाळेतल्या काही पालकांकडे असेच फोन आहेत, त्यांनाही पाठांचं ऑडिओ देता येईल.

माणगंगा, सातारा

नक्की सर. गावाहून आलो की आडव्या आणि उभ्या दोन्हींचे आकडे लिहितो.